रेकन म्हणजे हिशेब करणे

४ मार्च

ह्यांना घरी बसवलंय! सव्वीस वर्षं क्रेन चालवली, कधी कुणाला साधं खरचटलं नाही, आणि आज साहेब म्हणतो — चौकशी होईपर्यंत येऊ नका.

काल बॉयलरचं झाकण उचलताना क्रेन वाकली. झाकण खाली आलं, फिटरचा पाय सापडला. गुडघ्याखालून काढावा लागला. फिटर म्हणजे ह्यांचा जिवलग, रोज एकाच डब्यात जेवणारे दोघे. हे सकाळपासून खिडकीशी बसलेत. बोलत नाहीत, जेवत नाहीत.

साहेबाचं म्हणणं — क्रेनवर आठ टन रंगवलंय, ह्यांनी अकरा उचलले, म्हणजे अंदाजाने उचलले.

अंदाजाने! जो माणूस चहात साखर घालताना चमचा बोटाने सपाट करून घेतो, तो!

५ मार्च

अखेर तोंड उघडलं. महिन्यापूर्वी ऑफिसने क्रेनच्या केबिनमध्ये एक कागद चिकटवला होता. वर क्रेन बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरचं इंग्रजी पत्र, खाली त्याचं मराठी — "ही क्रेन बारा टन उचलेल असा हिशेब केला आहे." ह्यांच्या फोनमध्ये फोटो आहे त्याचा!

"अहो, मग काल का नाही सांगितलंत साहेबाला?"

"त्याचा पाय गेलाय गं. कागद कुठे काढत बसू?"

ह्यांच्यापुढे डोकं फोडून घ्यावं. मी फोटो मोठा करून इंग्रजी वाचलं. आय रेकन इट विल टेक ट्वेल्व्ह टन्स. रेकन म्हणजे हिशेब करणे. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलंय, झोपेतून उठवून विचारा. भाषांतर चोख आहे. म्हणजे चूक त्या इंजिनिअरची! पत्रावरच्या ई-मेलवर त्याला चांगलं खरमरीत पत्र धाडलं — तुमच्या हिशेबाचे कागद पाठवा, नाहीतर बघून घेते.

७ मार्च

उत्तर नाही. कुठे तोंड लपवून बसलाय कोण जाणे.

८ मार्च

आलं! चार ओळी. म्हणे हिशेब केलाच नव्हता! म्हणे त्याच्या देशात आय रेकन म्हणजे नुसतं "मला वाटतं". दिवसभर म्हणतात म्हणे — आय रेकन पाऊस पडेल. आणि तुम्ही तपासणी करून घ्याल असं धरून चाललो होतो.

तपासणी कोण करणार? मराठीत ठळक छापलं होतं ना, हिशेब केला आहे!

मोठा शब्दकोश काढला. मोजणे. हिशेब करणे. आणि खाली, मुंगीएवढ्या अक्षरात — वाटणे, अंदाज असणे. काय भाषा आहे की चेष्टा? एकाच शब्दात मोजूनमापून बोलायचं आणि त्याच शब्दात हवेत बोट फिरवायचं! पाऊस पडेल तशी क्रेन बारा टन उचलेल!

हे म्हणाले, "त्या दिवशी तूही हिशेबच म्हणालीस की."

मी घाईत वाचलं होतं. आणि माझं ते काम नाही. ऑफिसात भाषांतराला कुणी पोरगी ठेवलीय म्हणे; जिचं काम आहे तिला शब्दकोश उघडायला काय झालं होतं? बोटं झिजली असती? कोण ही भवानी, ते बघतेच. मंगळवारी चौकशी आहे. तिला समितीपुढे उभी केल्याशिवाय राहणार नाही.

१० मार्च

गेले ऑफिसात. सगळ्यांदेखत झाडली तिला. "तुझ्या एका शब्दापायी एकाचा पाय गेला, दुसऱ्याची नोकरी जातेय. अक्कल गहाण ठेवून बसतेस का इथे?"

तिशी ओलांडलेली असेल. जाड भिंगांचा चष्मा. मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणते, "बाई, ओळखलं नाहीत? मी ढापणी."

आठवी ब, दुसरा बाक. नाव मीच ठेवलं होतं. वर्ग काय हसायचा तेव्हा!

"बाई, रेकन तुम्हीच शिकवलंत. हिशेब करणे. अजून पाठ आहे."

तळपायाची आग मस्तकात गेली. शिकवलं असेल! पण शब्द वाक्यात कसा बसलाय ते बघायचं की नाही? तसं म्हटलंही तिला. मी ठणकावलं — "मी असं अर्धवट शिकवणं शक्य नाही. पुरावा असेल तर आण. उगाच माझ्या गळ्यात मारू नकोस."

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. "तिला कशाला अडकवतेस? तिनं काय मुद्दाम केलंय?" म्हणाले आणि चपला घालून फिटरकडे हॉस्पिटलात निघून गेले. चांगुलपणाचं काय लोणचं घालायचंय? उद्या मीच बोलणार. पोरीची गय करणार नाही.

११ मार्च

सकाळी दाराच्या कडीला पिशवी. आत ढापणीची आठवीची वही. चिठ्ठी नाही. एक पान दुमडलेलं.

तिने लिहिलंय — रेकन : वाटणे. पुढे, वाक्यावरून अर्थ लावला.

त्यावर लाल फुली. खाली लाल शाईत — "अंदाजपंचे लिहू नये! हिशेब करणे. पन्नास वेळा लिही." आणि माझी सही.

लिहिलंय. मी मोजलं. पन्नास आहेत.

चौकशी अकरा वाजता. वही मी घेऊन जातेय.