पेशंटचं नाव

७ जानेवारी, मंगळ.
हिंगोलीला गेले. घरी सांगितलं, एका बाईला दवाखान्यात न्यायचंय. आशा वर्कर असल्याचा हा एक फायदा, कोणती बाई ते कुणी विचारत नाही.
दवाखान्याच्या खिडकीतल्याने मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?" बारा वर्षं दुसऱ्यांचीच नावं सांगत आलेय तिथं. माझ्या तोंडून उषाचं गेलं. वय २९. त्याने लिहिलंसुद्धा. धाकटी बहीण जाऊन वर्ष होत आलं आणि मी तिचा केसपेपर काढला!
समुपदेशनाच्या खोलीत मॅडमनी माझ्या मागे पाहिलं. "पेशंट कुठंय?" म्हटलं, मीच. त्यांनी ही वही लिहायला सांगितली. रोज नाही जमायचं.

१० जाने.
सर्व्हे. ताप आहे का, खोकला आहे का, डोळे पिवळे दिसतात का. तिसऱ्या प्रश्नाला जीभ अडते. एका घरी विचारलाच नाही. अर्ध्या वाटेवरून परत जाऊन विचारून आले.

१४ जाने.
संक्रांत, पण मायकडे यंदा सण नाही. तिचा फोन. २ फेब्रुवारीला उषाचं वर्षश्राद्ध, तिच्या सासरी, सेनगावकडे. "मी जाणार. भरल्या पंगतीत त्या गजाननाच्या तोंडात माती घालीन. माझं लेकरू काविळीनं पिवळं पडलं, अन् नवरा असून त्याला दवाखाना दिसला न्हाई."
मी नुसती हं हं करत राहिले. दूध उतू गेलं. सासूबाई बोलल्या ते वेगळंच.

२१ जाने.
मॅडम मला "उषाताई" म्हणतात. मी दुरुस्त करत नाही. तेवढंच तिचं नाव कुणीतरी घेतं.
आज सांगितलं. जायच्या नऊ दिवस आधी बहीण माझ्याकडे आली होती, बाळापूरला. घरात नणंदेचा साखरपुडा, पाहुणेच पाहुणे. म्हणाली, "ताई, अंगात जीव न्हाई गं. चार दिवस राहू दे मला." म्हटलं, कार्य होऊ दे, मग ये. दुसऱ्या सकाळी स्टँडवर नेऊन एसटीत बसवली. बसवली कसली, उभीच होती. जागा नव्हती.
मॅ. : "आईला माहीत आहे?"
नाही.
"मग कुणाला?"
तिच्या नवऱ्याला. त्यांनीच पाठवली होती. ताई आशा आहे, बराबर दवाखान्यात नेईल म्हणून. परत आली तेव्हा त्यांना वाटलं, ताईनं पाहिलं असेल, साधा अशक्तपणा असेल. पुढे दवाखान्यात नेलं तोवर उशीर झालेला. वर्षभर मायच्या शिव्या खातायत, माझं नाव काढलं नाही.
एक गोष्ट मात्र मॅडमना सांगितली नाही. इथेही लिहीत नाही.

२४ जाने.
गजाननरावांना फोन केला. म्हटलं, माय श्राद्धाला येऊन भांडणार आहे.
"येऊ द्या. लेक गेली तिची, बोलू द्या. मी काही सांगणार न्हाई. तुमी तकलीफ करून घेऊ नका, ताई."
असा संताप आला! चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. या माणसाचा चांगुलपणा मला सोसत नाही.

२८ जाने.
खिडकी. "पेशंटचं नाव?"
"निर्मला."
"जुना पेपर आणला का?"
"नाही. नवीन काढा."
जुना पिशवीतच होता. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "मग ही उषा?" बहिणीचं नाव मी सांगितलंच नव्हतं. खूप रडले. मग राहिलेलं सांगितलं.
लिहितेच. उषा दारात उभी होती तेव्हा मी थट्टा केली होती. अगं, साखरपुडा नणंदेचा, अन् हळद तू लावून आलीस? ती हसली. म्हणजे मला दिसलं होतं. आशाला दिसलं होतं, आणि बहिणीनं...
मॅडम म्हणाल्या नाहीत की तुमची चूक नाही. त्याचंच बरं वाटलं. एवढंच विचारलं, "आता कुणाला सांगायचं राहिलंय?"

१ फेब्रु.
माहेरी, कळमनुरीजवळ. माय अंगणात तूर पाखडत होती. शेजारी बसून तुरीतले खडे वेचले. शेवटी एका दमात सांगून टाकलं. उषा आली होती, गजाननरावांनी पाठवली होती, मी परत पाठवली.
सूप थांबलं. म्हणाली, "डोळे पिवळे व्हते का तिचे तवा?"
"व्हय."
"तुला दिसले?"
पाहुणे होते, गडबड होती, असं सगळं ओठावर आलं होतं.
"दिसले, माय."
ती उठून आत गेली. तूर तशीच सुपात. मीच पाखडून भरून ठेवली. दिवेलागणीला तिने भाकरी केल्या. माझं ताट वाढून झाकून ठेवलं, पण जेव म्हणाली नाही. मी जेवले.

२ फेब्रु., सकाळ
सेनगावच्या जीपची वाट पाहतोय, रस्त्यावर उभ्या. घरापासून इथवर माय दहा पावलं पुढेच चालत आली. तिथं माती कुणाच्या तोंडात जाणार, गजाननरावांच्या की माझ्या, काही कळत नाही.

जीपमध्ये.
ड्रायव्हरने विचारलं, "मावशी, किती जण?"
मायनं माझ्याकडे पाहिलं नाही. पदर डोक्यावर ओढून घेतला.
"दोघी," म्हणाली.
ती पुढे बसलीय, मी मागे.