सुई सुटताना

दौंड, २३ एप्रिल १९७७
सकाळची शाळा सुटल्यावर मोठ्या बाईंनी थांबवून घेतलं. तिसरीच्या गणिताचे पेपर पुढं ठेवले, मीच तपासलेले. एका मुलीच्या मार्कांची बेरीज ५२ च्या जागी २५. नापास. शेवटच्या पानावर माझ्या लाल पेनाची रेघ घसरत खाली गेलेली. तिथं मला डुलकी लागली होती. सुईनंतरची.
बाई म्हणाल्या, "मार्क मी दुरुस्त केलेत. पण जूनमध्ये वर्ग तुमच्याकडे द्यायचा का, ते तुम्हीच मला सांगा."
रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२४ एप्रिल
ह्यांना सगळं सांगितलं. अडीच वर्षं झाली. मी क्वार्टरच्या जिन्यावरून भरल्या कळशीसकट पडले, मणका दुखावला, पुण्याला ऑपरेशन झालं. दुखणं राहिलंच, म्हणून पेथिडिनची सुई. आधी अधूनमधून, आता दिवसाला दोन. हेच टोचतात. नोकरी रेल्वेत गार्डाची, पण हात कंपाउंडरसारखा बसलाय.
म्हणाले, "टोचत तर मीच होतो, कुसुम."
मी त्यांना दोष देत नव्हते. पण तसं म्हणायचं राहिलं.

शिरूर, २७ एप्रिल
दादा निमोण्याहून आला होता. त्याच्या ओळखीचे डॉक्टर. म्हातारे. एकेक मणका बोटानं दाबून पाहिला. मला वाटलं, आता म्हणतील मनाचे खेळ.
म्हणाले, "पाठ दुखते तुमची, ते खरं आहे. पण आता दुखणी दोन झालीत, एक पाठीचं, एक सुईचं. सुईचं घालवता येईल. पाठीचं किती जाईल, ते सांगत नाही."
खरं आहे, असं अडीच वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. पदर तोंडाला लावून रडले.
सुई बंद. त्याऐवजी पातळ औषध. बाटलीला खाचांची कागदी पट्टी चिकटवलेली. एक खाच म्हणजे एक डोस, दिवसाला चार. दर आठवड्याची बाटली आधीच्याहून सौम्य. बाटली माझ्या ताब्यात द्यायची नाही.
"घरात कडक कोण?" डॉक्टरांनी विचारलं. दादा म्हणाला, "आमची मंडळी."

निमोणे, २९ एप्रिल
दादाकडे राहायला आले. वैनींनी बाटली ट्रंकेत ठेवली. किल्ली कनवटीला. अक्षर येत नाही, पण खाच बरोबर बघतात. अंगठ्याचं नख लावून ओततात, एक थेंब इकडं नाही की तिकडं.
दु. आज ७०. (दुखण्याला मार्क द्यायचे ठरवलंय. शंभरपैकी. आज फर्स्ट क्लास.)

३ मे
बुद्धपौर्णिमा. वंदनेला जाता आलं नाही. नाक गळतं, जांभया, अंगावर काटा, पोट बिघडलेलं. पाय आपोआप झटके देतात. हे पाठीचं नव्हे, सुईचं.
वैनींनी खीर केली. दोन चमचे गेली. उरलेली वाटी झाकून ठेवली, म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या वन्सं, निवली तरी गोडच लागती."

५ मे
दु. ८५. चोरून पोस्टकार्ड लिहिलं ह्यांना. एक तरी सुई आणा म्हणून. पोस्टमन दारात आला तेव्हा वैनी शेतात होत्या.

८ मे
लिहायची लाज वाटते, पण लिहिते.
दुपारी वैनींना म्हटलं, एक खाच जास्त द्या. नाही म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्हाला काय कळतं, सही येत नाही तुम्हाला, मला शिकवता? आणखीही बोलले.
त्या खुरपं घेऊन निघून गेल्या. तिन्हीसांजेला आल्या त्या ओटीत निर्गुडीचा पाला घेऊन. पाणी उकळलं, पाठ शेकली. दोन्ही हात भाजून लाल झालेले त्यांचे.
मी म्हटलं, "वैनी, चुकले मी."
"त्ये दुखनं बोलत हुतं. तुमी कवा आसं बोलला न्हाई मला."
दु. शेकल्यावर ६०. पण खरं सांगायचं तर मोजावंसं वाटलं नाही.

१५ मे
हे आले. आमच्या शेजारच्या शरीफाभाभींच्या मालकांनी माझ्यासाठी जाड कापडाचा कमरपट्टा शिवून पाठवलाय, आत बांबूच्या कामट्या. ते शिंपी आहेत, माप भाभींनी अंदाजानं सांगितलं. अगदी बरोबर बसला.
मग ह्यांनी खिशातून रुमाल काढला. आत सुईची एक बाटली आणि सिरिंजची स्टीलची डबी. "तू लिहिलंस म्हणून आणली. मी टोचणार नाही. तुझ्या हातात देतो."
मी घेतली. आणि टोचून घेतली, माझी मीच, मांडीत. ते बाहेर अंगणात पाठ करून उभे.
दु. १०. बस्स, एवढंच लिहवतं.

१६ मे
वैनींनी ओळखलं. सकाळी दोन भाकरी खाल्ल्या मी, हसले. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "डाक्टरला तुमी सांगताय का मी सांगू?"

शिरूर, १८ मे
मीच सांगितलं. हे बरोबर होते. सिरिंजची स्टीलची डबी त्यांनी आपण होऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.
डॉक्टर रागावले नाहीत. कंपाउंडरला म्हणाले, ह्यांना मागच्या आठवड्याचीच बाटली द्या. मला म्हणाले, "एक आठवडा मागं गेलात. तेवढंच झालं. सांगायला आलात, ते जास्त."
परत निमोण्याला येताना एसटीत हे म्हणाले, "तुला सुई दिली की घर शांत व्हायचं. मलाही तेच हवं होतं." मी त्यांचा हात धरला. चारचौघांत, पहिल्यांदाच. २४ एप्रिलला राहिलेलं ते तेव्हा सांगितलं, की दोष देत नाही म्हणून.

निमोणे, २६ मे
झोप लागली. चार तास सलग. फळीवर झोपते, सतरंजी घालून.
सकाळी पट्टा बांधून ओढ्यापर्यंत. वैनी बरोबर चालतात, मी थांबले की त्या थांबतात, मुद्दाम शेळीशी काहीतरी बोलत. मी थकले असं कुणाला वाटू नये म्हणून. हे मला आज कळलं.
दु. ५५.

५ जून
शेवटची बाटली संपली. वैनींनी ती विसळून पालथी घातली. म्हणाल्या, "आता हिच्यात गोडंत्याल ठेवती." दोघी खूप हसलो.
औषध नसताना दुखणं कसं असतं ते अडीच वर्षांत पाहिलंच नव्हतं. आहे. ६० आहे. पण त्याच्या पलीकडचंही दिसतं. भाकरीचा वास येतो. दादाच्या खोकल्याचा आवाज येतो.

दौंड, ११ जून
ज्या मुलीला नापास केलं होतं तिच्या घरी गेले. मोठ्या बाई नको म्हणत होत्या, कशाला उकरता. वडील रेल्वेत खलाशी. सांगितलं, मी आजारी होते, औषधाच्या गुंगीत पेपर तपासला, माझी चूक.
ते म्हणाले, "बाई, आमच्या दारात येऊन असं कुनी बोललं न्हाई कधी. बसा, च्या घ्या." मुलगी दाराआडून बघत होती. मी बोलावल्यावर आली आणि सतराचा पाढा म्हणून दाखवला. कुणी विचारला नव्हता.

१३ जून
शाळा उघडली. मोठ्या बाईंना म्हटलं, वर्ग घेते, पण खुर्ची लागेल आणि मधल्या सुट्टीत आडवं व्हायला सतरंजी. त्यांनी दोन्ही आधीच काढून ठेवलं होतं.

१९ जून
शिरूरच्या डॉक्टरांचं पत्र. त्यांनी माझे एक्स-रे पुण्याच्या सर्जनला दाखवले. सर्जन म्हणतात, पुन्हा ऑपरेशन केलं तर पाठ बरीच सुधारेल. नक्की नाही, पण शक्य आहे. मात्र नंतर आठ-दहा दिवस सुई द्यावीच लागेल. डॉक्टर लिहितात, "घाई नाही. नाही म्हणालात तरी मी तुमचा डॉक्टर आहेच."
ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "भीती मलाही वाटते." दादाला कळवलं.

२३ जून
दादाचं कार्ड. शेवटी वैनींनी सांगून लिहवलेलं, "आपरेशन केलं तर मी दवाखान्यात येऊन ऱ्हाती. न्हाई केलं तरी दिवाळीला येती."
डॉक्टरांना उत्तर अजून लिहिलं नाही. आज चौथीला, म्हणजे माझ्या तिसरीच्याच मुलांना, भागाकार शिकवला. निम्मा तास उभ्यानं, निम्मा बसून. शेवटी एकजण म्हणाला, बाई, बाकी उरली. म्हटलं उरू दे, ती शेजारी लिही. दु. ५०.