सोडलेला बाण परत आणायचा

आई,

काल दुपारी पोलिसांकडे वन्यप्राण्यांविरुद्धचे गुन्हे बघणाऱ्या बाईंनी फोन करून पक्कं सांगितलं, की जंगलातल्या त्या हरणाला लागलेला बाण आपल्या तिरंदाजीच्या क्लबमधल्या कुणाचा नव्हता. बाण क्रॉसबोचा होता, मारणारा माणूस बाहेरगावचा आहे, तो सापडलाय, आणि त्याचा क्लबशी काही संबंध नाही. फोन तुझ्या नातीला आला होता, कारण क्लबची सेक्रेटरी आता ती आहे. ती ब्रॅकनेलला ऑफिसमध्ये होती. मीटिंगमधून बाहेर येऊन तिने मला फोन केला आणि म्हणाली, "बाबा, जंगल परत मिळतंय. अजून कमिटीला नाही सांगितलं, आधी तुला." मी जन्मभर वर्तमानपत्रात काम केलं, पण इतकी चांगली बातमी सगळ्यांच्या आधी मला क्वचितच मिळाली असेल. काय घडलं आणि कोण म्हणालं ते पहिल्या वाक्यात सांगायचं, ही माझी सवय अजून गेलेली नाही, म्हणून पत्रही तसंच सुरू झालं. तू असतीस तर म्हणाली असतीस, आधी आईला कशी आहेस ते विचार.

मिल्टन कीन्समध्ये आपण आलो तेव्हा तू कौन्सिलच्या हाउसिंग ऑफिसात होतीस. मला पोहायला शिकवायला नेलंस आणि मी पाण्यात हातपाय मारत असताना तिथल्या सूचनांच्या फळ्यावर तुला तिरंदाजीच्या क्लबची जाहिरात दिसली. पुढच्या रविवारी तू साडीवर अनोरॅक, म्हणजे टोपीचं ते पावसाळी जाकीट, घालून त्या जंगलात उभी होतीस. जंगल कसलं, शेतकऱ्याच्या मालकीचा ओक आणि हेझेलच्या झाडांचा पट्टा, एका बाजूला त्याचं कुरण आणि दुसऱ्या बाजूला रस्ता. त्यात नेम धरायला ठिकठिकाणी फोमची जनावरं ठेवलेली. तुला पहिलं हरीण दिसलं आणि तू मान वाकडी करून त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिलीस. मग त्या इंग्रज म्हाताऱ्या कोचला विचारलंस, खऱ्या हरणाला मारता का कधी? तो दचकून म्हणाला, "इथे? नाही हो. या देशात धनुष्याने हरीण मारणं गुन्हा आहे." तू म्हणालीस, "मग ठीक आहे," आणि त्याच्या हातातलं लाकडी धनुष्य घेतलंस. त्यानंतर ते कधी सोडलं नाहीस.

लोकांना वाटायचं, हिंदू बाई आहे, दया येत असेल. तू कोल्हापूरची, दर रविवारी मटण लागायचं तुला. तुझा मुद्दा वेगळाच होता आणि तो मला नीट कळला त्या वर्षी, जेव्हा मामेभाऊ अमेरिकेहून आला. तो विस्कॉन्सिनला नोकरी करायचा आणि ऑफिसातल्या लोकांबरोबर दरवर्षी हरणाच्या शिकारीला जायचा, तिकडे ते कायदेशीर आहे. आपल्या स्वयंपाकघरात तो ओट्याला टेकून उभा आहे, तू भाकऱ्या थापते आहेस, मी टेबलाशी बसून कांदा चिरतो आहे.

"आत्या, तू उगाच या लाकडाच्या मागे लागलीस. क्रॉसबो घे. दुर्बिणीतून बघायचं, घोडा दाबायचा. एका दुपारीत शिकशील."

"एका दुपारीत शिकलेला माणूस जंगलात माझ्या शेजारी नको मला."

"अगं पण ताणून धरायला नको, हात भरून येत नाही. हरीण येईपर्यंत दोन तास बसून राहता येतं."

"आणि नेम चुकला तर?"

"तर दुसरा बाण लावायचा."

"तो लावायला किती वेळ? त्याच्या रिकिबीत पाय घालून, वाकून, दोन्ही हातांनी दोरी ओढून. आपल्या ग्रूपमधला एक जण घेऊन आला होता पार्किंगमध्ये दाखवायला, मी बघितलंय. तोपर्यंत तुझं हरीण शेजारच्या काउंटीत. शिवाय केवढा आवाज करतो तो. बाण पोचायच्या आत जनावर दबून निसटतं."

मामेभाऊ हसला. "बरं, मग कंपाउंड धनुष्य घे. दोन्ही टोकांना चाकं असतात. पूर्ण ओढलंस की सगळा भार चाकं घेतात, तुझ्या हातात जेमतेम चौथा हिस्सा. सरळ जातो बाण, लांबवर जातो."

"त्याबद्दल मी वाईट बोलणार नाही," तू म्हणालीस. "कष्टाचं आहे ते, महिनोन् महिने सराव करावा लागतो. पण जंगलात दोरी चाकावरून उतरली तर तू काय करणार, पाना घेऊन बसणार?" भाकरी उलटत तू पुढे म्हणालीस, "हे बघ, क्रॉसबो म्हणजे कुकर. शिट्ट्या मोजल्या की झालं. कंपाउंड म्हणजे मिक्सर, चांगला आहे, पण वीज गेली की नुसता डबा. माझं धनुष्य पाटा-वरवंट्यासारखं. सगळा जोर माझा, सगळी चूक माझी."

"म्हणजे हरणासाठी तुझंच चांगलं म्हण ना."

"नाही. हरणासाठी माझं सगळ्यांत वाईट. वीस पावलांच्या पलीकडे माझा बाण फोमला लागला तर ते माझं नशीब. म्हणून तर मी त्याच्या पलीकडे सोडतच नाही. तुला ती दोन यंत्रं पन्नास पावलांवरून सोडायला लावतात. मग लागतं, पण कुठे लागतं?"

 जेवताना मामेभावाने आपणहून सांगितलं, की आदल्या हंगामात त्याने एका हरणाला मारलं आणि ते रक्त सांडत दलदलीत गेलं, अंधार पडेपर्यंत शोधूनही मिळालं नाही. तू त्याला रागावली नाहीस. त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकलीस आणि म्हणालीस, "पुढच्या वर्षी दिवस असताना मार. आणि शोधायला चार माणसं घेऊन जा."

मला मात्र तू रागावली होतीस. मी चौदा-पंधराचा असेन, फोमच्या रानडुकरावरून माझा एक बाण गवतात गेला. दोन मिनिटं शोधलं आणि म्हटलं, जाऊ दे, दुसरा आहे. घरी पाहुणे यायचे होते, तुझा रस्सा तयार होता. तू सगळ्यांना थांबवलंस. "गवत कापायला येईल त्याच्या यंत्रात जाईल, नाहीतर एखाद्या हरणाच्या खुरात. सोडलेला बाण परत आणायचा." इंग्रजीतून म्हणालीस, म्हणजे सगळ्यांना कळावं. मग क्लबच्या तेरा-चौदा माणसांना हाताच्या अंतरावर एका रांगेत उभं केलंस आणि खाजकुयलीसारख्या त्या नेटल्समधून सावकाश चालवलंस. कोच, एक दंतवैद्य, दोन शाळामास्तर, सगळे मुकाट चालत होते. बाण मिळाला तेव्हा पाहुणे येऊन दारात उभे असणार हे सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवसानंतर क्लबचा तो नियमच झाला. माझे मित्र तुला आंटी म्हणायचे, त्यावरून सगळे त्याला 'आंटीची लाइन' म्हणायला लागले. तू गेल्यावर ज्यांनी तुला कधी पाहिलं नाही तेही तसंच म्हणतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात, खेळ संपला की आंटीची लाइन, मग चहा.

आता हरणाचं सांगतो. महिन्यापूर्वी एका सकाळी जंगलाच्या मालकाला कुरणात एक मंटजॅक दिसलं. कुत्र्याएवढं ते ठेंगणं हरीण, आपल्या बागेत येऊन तुझी कोथिंबीर खायचं तेच. मादी होती. मागच्या मांडीत बाणाचा तुकडा घुसलेला, पुढचं टोक आत, मागचा भाग बाहेर. मालक म्हणजे तुझ्या वेळच्या शेतकऱ्याचा मुलगा, आता साठीचा. त्याला बंदूक आणून ते स्वतः संपवावं लागलं. दुपारी त्याने फाटकाला साखळी घातली आणि तुझ्या नातीला मेसेज पाठवला, की जंगल बंद, कायमचं समजा.

क्लबमध्ये काय झालं असेल ते तुला सांगायला नको. जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला. एकाकडे घरी क्रॉसबो आहे, हे सगळ्यांना एकदम आठवलं. दुसरं जंगल बघू, असंही कुणी म्हणालं. तुझी नात म्हणाली, दुसरं जंगल मिळेलही, पण हा डाग कपाळावर घेऊन आपण कुठे जाणार? मग तिने मालकाला फोन केला, फक्त पाच मिनिटं मागितली, आणि मला म्हणाली, "बाबा, तू ये. पण बोलू नको." मी गेलो आणि बोललो नाही.

फाटकाशी ती तीन बाण घेऊन उभी होती. एक तुझ्यासारखा लाकडी, पिसांचा. एक कंपाउंडचा, कार्बनचा, लांब. आणि एक क्रॉसबोचा, जाड आणि आखूड, क्रॉसबो घरी ठेवणाऱ्या आमच्या माणसाने आणून दिलेला; तोही बाजूला उभा होता. ती शांतपणे सांगत होती, की धनुष्याच्या बाणाला मागे खाच असते, कारण तो दोरीला धरून राहायला हवा. क्रॉसबोचा बाण खोबणीत नुसता पडून असतो, त्याचं बूड सपाट असलं तरी चालतं. "तुमच्याकडे जो तुकडा आहे त्याचं बूड बघा. आणि आमच्या प्रत्येक बाणावर ज्याचा बाण त्याची आद्याक्षरं असतात, त्यावर आहेत का ती?" मालकाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बूड सपाटच आहे. अक्षरं नाहीत. पण ज्याच्याकडे धनुष्य आहे त्याच्याकडे क्रॉसबो नसेल कशावरून?"

हा प्रश्न रास्त होता. आता ती काय म्हणेल, याची मला खरंच कल्पना नव्हती. आखूड बाण आणून देणाऱ्या माणसाकडे तिने बघितलंही नाही. म्हणाली, "नसेल कशावरून, हे मला सांगता येणार नाही. आम्ही शोधू. सगळं जंगल, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आमचं काही निघालं तर तुम्हीच बघाल, कारण तुम्ही आमच्याबरोबर चालणार."

रविवारी पाऊस होता. बावीस माणसं आली, कंपाउंडवाली, लाकडीवाली, क्रॉसबो घरी ठेवणारा तोसुद्धा. रांगेच्या मध्यभागी मालक, त्याच्या एका बाजूला तुझी नात, दुसऱ्या बाजूला मी. अर्ध्या तासाने त्याने विचारलं, "तुम्ही हे दर वेळी करता?"

"बाण हरवला की दर वेळी."

"पावसातसुद्धा?"

"पाऊस नसेल तेव्हा करायचं म्हटलं तर इथे कधी करणार?" ती म्हणाली. तो पहिल्यांदा हसला.

आमचं काहीही निघालं नाही, आई. इतक्या वर्षांत आमच्या कुणाचा एकही बाण त्या जमिनीत राहिला नव्हता. दुपारी रांग रस्त्याकडच्या कुंपणाला पोचली, जिथे आपण कधी जात नाही, तिथे मालकच थांबला. एका ॲशच्या झाडाच्या बुंध्यात आखूड, जाड बाण रुतलेला होता, सपाट बुडाचा. त्याखाली हरणांना बोलवायला टाकलेला मका, फाटलेल्या पिशवीसकट. कुंपणाची तार कापलेली, पलीकडे गाडी उभी करायची जागा. क्रॉसबो घरी ठेवणारा आमचा माणूस तिथेच ओल्या पाचोळ्यात खाली बसला, आणि त्याच्या शेजारची बाई त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. कुणी कशाला हात लावला नाही. तुझ्या नातीने फोटो काढले आणि पोलिसांच्या त्या बाईंना फोन केला.  मग मालक मला म्हणाला, "लहानपणी वडील सांगायचे, जंगलात एक भारतीय बाई आहे, साडीवर अनोरॅक घालते आणि डॉक्टरमास्तरांना गवतात चालवते. मला वाटायचं ते थट्टा करतात."

मी म्हटलं, "थट्टा नव्हती." एवढंच. बोलू नको म्हणून सांगितलं होतं ना.

शनिवारी मालक स्वतः फाटक उघडायला येणार आहे. पुढच्या महिन्यात त्या माणसाचा खटला मॅजिस्ट्रेटसमोर येईल, आणि बाण कसा सापडला हे सांगायला तुझ्या नातीला बोलावलं जाईल, असं पोलिसांच्या त्या बाई म्हणाल्या. तो माणूस आपण तिकडे गेलोच नाही म्हणतोय, तेव्हा वकील उलटसुलट विचारणारच. ती काल रात्री आरशासमोर इंग्रजीत सराव करत होती. क्रॉसबो आणि धनुष्य यांतला फरक ती तुझ्याइतका चांगला सांगते, फक्त कुकर आणि मिक्सर वगळून.

त्या कोर्टात मी शेकडो वेळा बातमीदारांच्या बाकावर बसलोय. ती जागा मला अजूनही देतील. पण मी मागे, लोकांत बसणार आहे, वही न घेता. कुणालाच सांगितलं नाही, तुला म्हणून सांगतो: शेजारी बसलेल्या कुणीतरी ही मुलगी कोण म्हणून विचारावं, एवढीच माझी इच्छा आहे.