पूनम नाही गेली तर

१७ सप्टेंबर

आज नाकाडोंगरीचा बाजार. दुकानात उभं राहायला जागा नव्हती. सातबारा, आधार, झेरॉक्स, कोणाचं पेन्शन अडलेलं. मधल्या वेळात आमच्या साक्षीचा फॉर्म भरून टाकला. सरकारी निवासी शाळा, सहावी ते बारावी. राहणं, खाणं, शिकणं सगळं तिथंच. पण परीक्षा आहे, आणि साऱ्या जिल्ह्यातून मोजकीच पोरं घेतात. हे चिखल्याच्या खाणीवर ड्यूटीला निघायच्या आधी विचारून गेले होते, भरला का. बसमधून परत फोन.

वनिता राशन कार्डाची झेरॉक्स काढायला आली होती. मागे पूनम, तिच्या कडेवर धाकटा भाऊ गोलू. पूनम साक्षीच्याच वर्गात. मी म्हटलं, हिचाही भरते. वनिता म्हणे, आमची कुठं लागते ताई तिथं. पण नाही म्हणाली नाही. पूनमनं हँडपंपावर जाऊन केस ओले केले, मग फोटो काढू दिला. मोबाइल नंबर माझाच टाकला. वनिताचा फोन कधी चालू कधी बंद, नवरा हैदराबादला बांधकामावर.

९ नोव्हेंबर

दोघी रोज शाळा सुटली की दुकानाच्या मागच्या खोलीत. पुस्तक एकच, तुमसरहून आणलेलं. साक्षी पेनानं लिहिते, पूनम बोटानं हवेत. आकृत्यांची कोडी पूनमला बघता बघता सुटतात. साक्षी भाषेत चांगली, गणितात अडखळते, मग ओठ चावत बसते. पूनम तिला उत्तर सांगत नाही, "उलटं फिरवून पाह्य" म्हणते. चांगली पोरगी आहे.

आई धान कापायला गेलेली असते म्हणून पूनमला अभ्यास सोडून लवकर घरी जावं लागतं. गोलूला शेजारून आणायचं असतं.

जानेवारी, परीक्षेचा दिवस

तुमसरला दोघींना मीच नेलं. वनिताला मजुरी सोडता आली नाही. धुकं इतकं की गोबरवाहीपर्यंत बसमधून समोरचं दिसत नव्हतं. केंद्राबाहेर गाड्याच गाड्या, शिकवणी वर्गाची पोरं एकसारख्या स्वेटरमध्ये. आमच्या दोघी फाटकाजवळ हात धरून उभ्या.

पूनम बाहेर आली ती भूक लागली म्हणत.  साक्षी बसमध्ये बसल्यावर म्हणाली, शेवटची गणितं राहिली. मी म्हटलं, होईल. काय होईल ते मलाही माहीत नव्हतं.

जून, निकाल

सकाळपासून साइट उघडत नव्हती. जेवणाच्या वेळी उघडली. साक्षीचा नंबर टाकला. निवड नाही. पुन्हा टाकला, आकडा चुकला असेल म्हणून. नाही.

मग पूनमचा टाकला.

दुकानात एक म्हातारे बाबा बसले होते, पेन्शनचे. म्हणाले, बाई, लाइन गेली का. मी म्हटलं, नाही, आहे.

घरी जाऊन साक्षीला सांगितलं. तिनं आधी विचारलं, पूनमचं? मी सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि गच्चीवर कपडे काढायला गेली. खूप वेळ खाली आली नाही. वर कपडे चारच होते.

संध्याकाळी वनिताकडे गेले. वाटलं होतं, नाचेल. ती चुलीपुढून उठलीच नाही. "मंग आता का करा लागते ताई?" एवढंच. घाबरली होती.

जून, चार दिवसांनी

हे सुट्टी टाकून मला घेऊन त्या शाळेत गेले. मोठं आवार, झाडं, वसतिगृहाच्या खिडक्यांत वाळत घातलेले टॉवेल. बाबू लोकांनी नीट सांगितलं. साक्षी प्रतीक्षा यादीत आहे. आपल्या तालुक्यातून, आपल्या प्रवर्गातून, मुलींमध्ये पहिली तीच. त्याच प्रवर्गातली निवड झालेली मुलगी आली नाही तर हिला बोलावतील. फोन येईल.

निवड झालेली मुलगी म्हणजे कोण, ते आम्ही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, पूनमच.

परतताना हे खिडकीबाहेर बघत होते. तुमसर आल्यावर बोलले, "वनिता काई पाठवत नाई पोरीले."  माझ्याही मनात तेच होतं, सकाळपासून. आणि ते मनात होतं याचं बरं वाटत नव्हतं, आणि जातही नव्हतं.

२६ जून

पूनमच्या कागदांत घोळ. आधार तिच्या आजोळचं, तिरोड्याचं. तिरोडा कधीचा गोंदिया जिल्ह्यात गेला. म्हणजे कागदावर पोरगी दुसऱ्या जिल्ह्याची. तहसीलचा रहिवासी दाखला जोडला नाही तर प्रवेश होत नाही. वनिताला यातलं काही ठाऊक नाही. ती मला विचारेल आणि मी सांगेन तेच तिला कळेल.

ह्यांना सांगितलं. हे जेवता जेवता थांबले. म्हणाले, तू तिच्या घरची आहेस का, तिनं पाहावं. मी म्हटलं, तिला वाचता येत नाही. "मंग?" म्हणाले. मग स्वतःच ताट सरकवलं आणि हात धुवायला गेले.

२७ जून

वनिता आली. धानाची रोवणी तोंडावर आहे. दीर म्हणतो पोरगी परक्या जागी ठेवू नको. पूनम गेली तर गोलूला कोण बघेल. नवऱ्याला फोन लावला तर तो म्हणे तुला जसं पटेल. पदरानं तोंड पुसत होती, घाम होता की काय. मग म्हणाली,

"ताई, तुमी सांगा. तुमी म्हनान तसं करीन."

मी म्हटलं, उद्या सांगते.

जाता जाता दारात थांबली. "साक्षी संग राहिली असती तं मी इचारलंच नसतं."

तिला प्रतीक्षा यादीचं माहीत नाही. सांगितलं असतं तर तिनं तिथल्या तिथं जागा सोडली असती, मला माहीत आहे. म्हणून सांगितलं नाही. की म्हणूनच सांगायला हवं होतं?

ह्यांचं म्हणणं, आपण मध्ये पडूच नये. "जा बी नोको म्हनू, राह्य बी नोको म्हनू." मी म्हटलं, गप्प बसले तर ती पाठवणार नाही. म्हणजे गप्प बसणं हे पण सांगणंच झालं. हे बुटाची नाडी सोडत होते. मग म्हणाले, "मी कोनाचं वाईट नाई म्हनून राहिलो. आपल्या पोरीचं चांगलं म्हनून राहिलो. हे दोनी एकच कसं होऊन गेलं, मले समजत नाई."

मलाही नाही समजत.

२८ जून

सकाळी वनिताकडे गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, खरंच नव्हतं. पूनम अंगणात गोलूला आंघोळ घालत होती आणि त्याच्याकडून पाढे म्हणवून घेत होती. तो एक आकडा म्हणे आणि पाणी उडवे.

वनिताला म्हटलं, पाठव.

तिनं मान हलवली. इतकं सोपं. मग मी दाखल्याचं सांगितलं आणि दोघी तुमसरला गेलो. तहसीलमध्ये गर्दी. दुपारपर्यंत उभ्या. वनिता मध्ये एकदा म्हणाली, साक्षीचं वाईट वाटते. मी रांगेकडे बघत राहिले.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं.  हे न जेवता ड्यूटीवर गेले.

जुलै

पूनमला पोचवून आलो, वनिता, गोलू आणि मी. गोलू फाटकाशी आडवा पडला. पूनम रडली नाही. माझ्या पाया पडली, तेव्हा मी तिला पटकन उभं केलं.

साक्षीचं नाव इथल्याच शाळेत सहावीत. पहिल्या दिवशी बाकावर एकटी बसली म्हणे. हे तिला गणित शिकवायला बसतात हल्ली, ड्यूटी नसली की. दोघांनाही येत नाही, पण बसतात.

फोन वाजला की हातातलं काम टाकून धावते. नंबर दोघींचा एकच. कोणासाठी वाजतो ते उचलल्याशिवाय कळत नाही.

राखीनंतरचा दिवस

साक्षी धावत दुकानात आली. "मम्मी, पूनम आली!" चेहरा नुसता फुललेला. मैत्रीण आली म्हणून. मी तसंच धरून चालते.

राखीनंतर चौथा दिवस

पूनम अजून इथंच. परत जायचा दिवस होऊन गेला. वनिता म्हणाली, जात नाही म्हणते, काही कोणी बोललं नाही, मारलं नाही, जेवणही बरं आहे. फक्त नाही जात. सकाळी बॅग भरून दिली की दुपारी रिकामी करून ठेवते.

घरी साक्षीनं हे ऐकलं. जेवताना तिनं विचारलं, तिचं नाव कटते का? मी म्हटलं, माहीत नाही. हे मान खाली घालून जेवत होते. भात परत घेतला. कितीतरी दिवसांनी.

शनिवार

शाळेतून फोन. "पूनमच्या पालक का?" मी हो म्हटलं. सोमवारपर्यंत मुलीला आणा, नाहीतर जागा सोडतो असं लिहून द्या. मॅडमचा आवाज मऊ होता. म्हणाल्या, पहिल्या वर्षी होतं असं, पण दुसरी मुलगी ताटकळत आहे, तिचाही विचार करावा लागतो.

मी म्हटलं, हो, ताटकळत आहे.

वनिताला सांगायला निघाले तर तीच दारात. प्रतीक्षा यादीचं तिला कळलं होतं. ह्यांनी खाणीच्या बसमध्ये कोणाजवळ बोललेलं फिरत फिरत तिच्यापर्यंत गेलं. मी पाणी दिलं, तिनं घेतलं नाही.

"काहून नाई सांगतलं ताई?"

 ती म्हणाली, तुम्हीच तर फॉर्म भरला, तुमच्या पुस्तकावर शिकली, तुम्हीच नेलं, तुम्हीच दाखला काढला. पूनम तशीही जात नाही. "घ्या ना. साक्षीले पाठवा. मी अंगठा देतो कागदावर."

हे आत होते. बाहेर आले नाहीत, पण आत हालचाल थांबली ते मला ऐकू आलं.

मी म्हटलं, आधी पूनमशी बोलते.

रविवार

पूनम विहिरीच्या कडेला गोलूच्या चड्ड्या धूत होती. मी बसले. विचारलं, काय झालं तिथं. काही नाही म्हणाली. पुस्तकं खूप आहेत म्हणाली, एक खोलीभर. शिकवणाऱ्या मॅडम चांगल्या. मग काहून येऊन राहिलीस बापा, मी विचारलं. तिनं साबण लावता लावता सांगितलं, संध्याकाळी गोलूचा आवाज येतो. तिथं नाही येत ते माहीत आहे, तरी येतो.

मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मी नाई गेली तं साक्षी जाते का काकू?"

मी हो म्हटलं. खोटं कसं बोलू.

"मंग तर बरंच आहे ना."

हे तिला मनापासून वाटतं, की माझं तोंड बघून बोलली, ते ओळखू येईना. दहा वर्षांच्या पोरीला मी काय विचारणार, तुला खरंच काय पाहिजे? तिला ते माहीत असतं तर ती इथं चड्ड्या धूत बसली नसती. आणि मला तरी कुठं माहीत आहे. तिला जा म्हटलं तर तिचं भलं होईल की ती तिथं सुकून जाईल? साक्षी तरी टिकेल का? जागा एक, पोरी दोन, आणि विचारायला दोन्ही घरं माझ्याकडेच येतात.

घरी आले. ह्यांनी विचारलं, काय म्हणाली? सांगितलं. ते म्हणाले, मग झालं. पण आवाजात जोर नव्हता. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, एकदा नेऊन तर पाहू तिला शाळेच्या फाटकापर्यंत. तिथं गेल्यावर काय म्हणते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते साक्षीच्या वहीत बघत होते, वही उलटी धरली होती.

वनिताला निरोप धाडला, सकाळच्या बसनं सगळे जाऊ. पूनमला बॅगेसकट आण. फाटकापाशी ती आत गेली तर गेली. नाही गेली तर तिथंच लिहून देऊ.

यापेक्षा बरं काही सुचलं नाही. ठरवायचं पोरीवर टाकलं, असं कोणी म्हटलं तर खरंच आहे ते.

सोमवार, सकाळ

दोन ओळी लिहून निघते. हे ड्यूटीला गेले नाहीत, सोबत येतात. वनिता आणि पूनम चौकात येऊन उभ्या आहेत असं गोलूच्या रडण्यावरून कळतं.

साक्षी माझ्याआधी तयार. वेणी स्वतःच घातली, एक बाजू सैल राहिली. मी येऊ का, असं तिनं विचारलंच नाही, येणारच होती. पण दाराशी थांबली.

"मम्मी, मी पण कपडे घेऊ का सोबत?"

हे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, चप्पल घाल आधी, बस निघून जाईल.