बंद डब्यातले आकडे

सर, मोहाडीत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट लिहितो आहे. तुम्ही शाळेत गणित शिकवत होता आणि उरलेल्या वेळात मेंदूच्या एका पेशीचं गणित मांडत होता. पेशीतली वीज कशी चढते-उतरते हे एका फटक्यात सुटत नाही, म्हणून काळाचे बारीक तुकडे करायचे आणि एकाच्या उत्तरावरून पुढच्याचं काढायचं. कॅल्क्युलेटरची बटणं गुळगुळीत झाली होती. तुमचा खरा हट्ट उलटा होता. बाहेरची लहर पाहून आतले आकडे ओळखायचे. "डोस्कं काही उघडून पाहता येत नाही बापा," तुम्ही म्हणालात, "पण तुझा डब्बा तर उघडता येते. तुले वाटते ते रेझिस्टन्स-कंडेन्सर टाकजो, झाकण लावजो, मले सांगू नोको. मी बाहेरून ओळखले, तर पद्धत खरी."

मी डबा केला. तुम्ही माझ्या स्टुलावर बसलाय, मीटरचा काटा सावकाश चढतोय, तुम्ही कागदावर ठिपके देताय. मग घरी आकडे बदलत, रेघ ठिपक्यांवर बसेपर्यंत पुन्हा पुन्हा काढायची. शाळेत सगळ्यांसमोर डबा उघडायचं ठरलं. आदल्या दुपारी तुम्ही शेजारच्या चहाच्या टपरीवर होता आणि माझे कान तिखट. विज्ञानाचे मास्तर म्हणत होते, "मेंदूवाले, पहिले घरच्या पंख्याचा मेंदू दुरुस्त करा." सगळे हसले, तुम्हीही. मग तुम्ही आपले आकडे सांगितलेत आणि इकडे माझा हात थांबला. रेझिस्टन्स माझ्या दुप्पट, कंडेन्सर निम्मे. हळू आवाजात तुम्ही म्हणालात, "उद्या हुकलं, तर सोडून देतो गा हे सारं."

मी झाकण काढलं, तुमच्या आकड्यांचे भाग बसवले आणि मीटर लावून पाहिलं. काटा पहिल्यासारखाच चढला, तस्साच. बरं झालं, मी म्हटलं, कोणाला कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला तेव्हा तुमचे डोळे भरले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणालात, "हा माझा विद्यार्थी." तुमच्याच विषयात मॅट्रिकला गचकलेला मी.

पुढे नागपूरच्या प्राध्यापकांनी तुमचं काम परत पाठवलं. दुसरेही आकडे त्याच लहरीवर बसतात, तुमचेच खरे कशावरून? तुम्ही तडक दुकानात आलात. "असा कसा म्हणते तो? आपल्या डब्ब्यात निघाले होते ना बरोबर?" मी "हो सर" म्हटलं आणि चहा सांगितला. माझ्या डब्याच्या भरवशावर तुम्ही त्यांच्याशी वर्षानुवर्षं भांडलात. प्राध्यापक सांगत होते तेच त्या दुपारी माझ्या काट्याने दाखवलं होतं: आकडे वेगळे, चाल तीच. खरा डबा उघडला असता तर दिवसभर टपरीवर लोक हसले असते. मग तुम्ही कागद घेऊन बसला असता आणि ते स्वतःच शोधून काढलं असतं. तो शोध मी तुमच्या हातून काढून घेतला.

सरांना जपलं, असं मी मनाला सांगत आलो. पण ते हसणं ऐकल्यावर पहिला विचार आला तो माझ्या दुकानाचा: डबा चुकला तर लोक म्हणतील, नापासाने काय जोडलं असेल कोण जाणे. तुमचा विचार नंतर आला. तुमचं घर तेव्हा दुकानासमोरच होतं, सर. तेव्हाही हे पत्र मी रस्ता ओलांडून नेलं नसतं.