डबीला नमद्याची टोपी

३ डिसेंबर, बुधवार

आजची बातमी — रोज तीन कप कॉफी प्यायली की यकृत ठणठणीत राहतं. मागच्याच महिन्यात याच पानावर कॉफीने झोप उडते आणि झोप उडाली की यकृत बिघडतं, असं होतं. दोन्ही शोध लावणाऱ्यांना एका खोलीत कोंडा, आणि जो आधी बाहेर येईल त्याचं खरं माना! मी आपली दूध-मीठ घातलेला चहा पिते. त्याच्यावर अजून कुठल्या शास्त्रज्ञाची नजर पडलेली नाही.

शार्शेनला वाचून दाखवलं. सदतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं उत्तर ठरलेलं आहे. "हं."

आणखी एक — घाणेरड्या हवेत आमचं बिश्केक शहर आज सकाळी जगात पहिलं! कशात तरी आलो बाबा एकदाचे.

५ डिसेंबर, शुक्रवार

डबीचा आकडा २१४.

ही डबी म्हणजे सूनबाईंचा आहेर. ऑक्टोबरात साइकालने पाठवली, आमच्या मुलाने, मेदेरने, येऊन मागच्या भिंतीला, कोळशाच्या ढिगाच्या वर, वळचणीखाली ठोकली आणि त्याच संध्याकाळी परत गेला. पांढरी, साबणाच्या वडीएवढी. हवेत किती धूर आहे ते मोजते आणि सगळ्या जगाला सांगते. फोनच्या नकाशावर आमचं घर म्हणजे एक जांभळा ठिपका. जांभळा म्हणजे सगळ्यात वाईट.

ती दोघं तिकडे इसिक-कुल तळ्याच्या काठी राहतात. त्यांचा आक्तान तेरा महिन्यांचा झाला. जूनमध्ये पाहिला तेव्हा रांगत होता, आता चालतो म्हणे. चालायला लागलेल्या पोराच्या पायात काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधून ती कापायची असते — आणि ती आजोबाच्या अंगणात, सगळी पोरं धावून आल्यावर, पहिल्या आलेल्याच्या हातून! नाहीतर जन्मभर ठेचाळतो. शार्शेनने दोरी वळून ठेवलीय नोव्हेंबरातच.

साइकाल मला एने म्हणते, म्हणजे आई. तिचं एकच — "एने, आकडा पन्नासच्या खाली आला की त्याच दिवशी निघते. त्याची छाती किती नाजूक आहे, तुम्हाला माहीतच आहे."

माहीत आहे! एकतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं मी. फुप्फुसाची आकृती डोळे मिटून काढीन. पण माझ्या नातवाने माझ्या घरी कधी यायचं ते साबणाची वडी ठरवणार.

८ डिसेंबर, सोमवार

बातमी — शहरातल्या धुराला जबाबदार कोण? कचेरीतले म्हणतात, कडेच्या वस्त्यांमधल्या चुली. वस्तीतले म्हणतात, वीजघराचं धुराडं. वीजघरवाले म्हणतात, गाड्या. गाडीवाले म्हणतात, डोंगर — वारा अडवतात. डोंगर काही बोलत नाहीत, त्यामुळे चौकशी तिथेच संपली.

शेजारची बात्मा आपल्या न्हाणीघराचं पाणी शिवणकारखान्यातल्या चिंध्या जाळून तापवते. निळा धूर! तिला म्हटलं, तर म्हणते, "मुआलिम, तुमची चूल काय अत्तर सोडते का?" निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी मुआलिम, म्हणजे मास्तरीणबाई, म्हणायचं सोडत नाही, आणि टोमणाही सोडत नाही.

रोज दोन बादल्या कोळसा जातो आमच्या चुलीत. पण आमचा धूर वेगळा. सरळ वर जातो.

११ डिसेंबर, गुरुवार

२३१. उणे अठरा थंडी. मेंदूत प्लास्टिक सापडलं, असं वाचलं. काहींच्या मेंदूत काहीतरी सापडलं ही चांगलीच बातमी म्हणायची.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी कोळसा काढायला गेले तर डबीवर बर्फाचा पापुद्रा. साइकालने बजावलं होतं, "जपा हं तिला." हिवाळ्यात आमच्याकडे कुणाला उघडं ठेवत नाहीत — वासराला नाही, पाण्याच्या नळाला नाही, राखीव बटाट्यांना नाही. दाबलेल्या लोकरीच्या जुन्या नमद्याचा तुकडा होता, बोटभर जाड. दुहेरी करून टोपी शिवली, खालून नाडी ओढली, झाकून टाकली गळ्यापर्यंत. शार्शेन शिडी धरून उभा. म्हणाला, "कान पण झाकले का?" वर्षातून एकदा विनोद करतो, तो आज झाला.

दुपारी आकडा पाहिला — ३८!

हिरवा! माझ्या घराचा ठिपका हिरवागार!

१५ डिसेंबर, सोमवार

रात्रभर हिरवाच. बाहेर बात्माचं कुंपण दिसत नाही इतका धूर, घशात राख, आणि आकडा ३४.

कळलं मला. न कळायला काय झालं? नमद्यातून धूर आत जातच नाही. सातवीतल्या पोराला विचारलं असतं तर सांगितलं असतं, आणि उत्तर आलं नसतं तर मी त्याला उभं केलं असतं. काढायला शिडी लावली.

तेवढ्यात फोन वाजला. "एने! बघितलंत? अडतीस! मी कालपासून दर तासाला बघतेय, विश्वासच बसत नाहीये. असंच राहिलं तर शनिवारी निघतो." मागून आक्तान ओरडत होता. आवाज केवढा मोठा झालाय त्याचा!

शिडी जागेवर ठेवून दिली.

१६ डिसेंबर, मंगळवार

शार्शेन म्हणाला, "काढ ती टोपी."

मी म्हटलं, दोन दिवस येऊन राहिली तर काय होतंय? या वस्तीत शंभर पोरं वाढताहेत, मेली का? आपला मेदेर कोळशाच्या धुरातच मोठा झाला. आकड्याने कुणी आजारी पडत नाही.

"धुराने पडतं," म्हणाला, आणि उठून गेला. दोन वाक्यं बोलला आज!

१८ डिसेंबर, गुरुवार

आम्ही बातमीत! खरंच! इथल्या एका बातम्यांच्या पानावर नकाशा छापलाय — सगळं शहर जांभळं, मध्ये एक हिरवा ठिपका. मथळा: 'या वस्तीत हवा स्वच्छ कशी?' खाली कुणी तज्ज्ञ सांगतायत की तिथल्या पॉपलरच्या झाडांच्या रांगा आणि उत्तरेकडून येणाऱ्या हवेचा विशिष्ट प्रवाह. इथे पॉपलर दोन. एक वाळलेला.

बात्मा कुंपणावरून ओरडली, "मुआलिम, आपण स्वित्झर्लंड झालो की हो!" आणि गेली चिंध्या पेटवायला.

इतकी हसले की खोकला आला. मग वाटलं, कॉफी आणि यकृताचं कुठल्या टोपीखाली मोजलं असेल?

२० डिसेंबर, शनिवार

आली! आक्तान दारातून स्वतः चालत आत आला, माझ्या गुडघ्यांना धरून उभा राहिला आणि वर बघितलं. सहा महिने गेले माझे. लिहिताना रडू येतंय, येऊ दे.

साइकाल उतरल्या उतरल्या म्हणाली, "एने, वास येतोय ना धुराचा?"

मी म्हटलं, "आर्चा जाळलाय सकाळी. पाहुणं पोर यायचं म्हणून."

खोटं नाही. आर्चाच्या, त्या डोंगरी झाडाच्या, सुवासिक फांद्या तव्यात जाळून घरभर फिरवल्या होत्याच — नजर जाते, रोगराई जाते. पोराभोवतीही तीन वेळा ओवाळलं. ती फोनकडे बघत होती, ३६. मग निवांत बसली. मागच्या भिंतीकडे एकदाही गेली नाही. कशाला जाईल? फोन होता ना हातात.

२१ डिसेंबर, रविवार

दोरी कापली. अंगणात वस्तीतली सतरा पोरं धावली. बात्माची धाकटी नात पहिली आली, तिनेच सुरी धरली. दोरी तुटली तशी आक्तान चार पावलं टाकत थेट शार्शेनकडे! शार्शेनच्या डोळ्यांत पाणी. धुराने, म्हणाला. बोरसोकचे कणकेचे तुकडे तळून तळून हात भाजले माझे. पोर दोन तास अंगणात होतं, कुणी आत न्यायला तयार नाही. साइकालसुद्धा म्हणाली, "खेळू दे, एवढी चांगली हवा आहे."

हसत होती. लग्न झाल्यापासून माझ्या घरात ती पहिल्यांदा इतकी मोकळी हसली असेल.

२३ डिसेंबर, मंगळवार

आक्तान खोकतोय. गार लागलं असेल. मेंढीची चरबी छातीला चोळली.

२४ डिसेंबर, बुधवार

पहाटे ओठ निळे झाले. श्वास घेताना बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जात होती. याला काय म्हणतात ते मला माहीत आहे, पुस्तकातलं पान माहीत आहे. मेदेरने गाडी काढली, साइकाल मागे पोराला धरून. मला चपला घालायचं भान नव्हतं. मुलांच्या इस्पितळात नाकाला नळी लावली.

डॉक्टर तरुण पोरगी. विचारलं, "धुरात होता का?"

साइकाल म्हणाली, "नाही हो. मी रोज बघत होते, चाळिसाच्या वर नाहीच." आणि माझ्याकडे वळली, "हो ना एने?"

मी नातवाच्या पायमोज्यांची घडी करत होते.

२७ डिसेंबर, शनिवार

अजून नळी आहे. खोलीत आठ खाटा, आठही भरलेल्या, सगळी वस्त्यांमधली पोरं. मी म्हणत होते ना, मेली का? लाज वाटते ते पान उघडायची.

साइकाल भिंतीला टेकून बसते. "माझंच चुकलं, एने. त्या दिवशी टोपी न घालता बाहेर सोडलं मी त्याला. तुम्ही काय म्हणत असाल मनात!" मी काय म्हणत असेन! तिचं डोकं मांडीवर घेतलं, थोपटलं. तोंड उघडलं नाही. तीन वेळा उघडायचं ठरवलं होतं.

घरी आल्यावर शार्शेन शिडी घेऊन निघाला. मी हात धरला. आज टोपी काढली तर आकडा एकदम दोनशेवर जाईल, आणि ती दर तासाला बघते. तिला कळेल.

"कळू दे," म्हणाला.

म्हटलं, पोर बरं होऊ दे. मग मी स्वतः सांगते.

त्याने शिडी टाकली आणि आत गेला. तेव्हापासून बोललेला नाही. त्याचं न बोलणं मी सदतीस वर्षं ऐकतेय, पण हे वेगळं आहे.

३० डिसेंबर, मंगळवार

नळी काढली. आक्तानने दोन घास खाल्ले. आज सांगणार होते. मेदेर हसत होता, साइकाल झोपली होती, सात दिवसांनी पहिल्यांदा. उठवायचं कशाला?

बातम्या वाचणं बंद केलंय.

२ जानेवारी, शुक्रवार

उद्या सोडणार त्याला. डॉक्टर म्हणाली, घाटातून तळ्यापर्यंतचा प्रवास इतक्यात नको, दोन महिने इस्पितळाजवळच ठेवा, जिथे हवा बरी असेल तिथे. साइकालने फोनवर सगळं शहर धुंडाळलं. मग माझे दोन्ही हात धरले. "एने, अख्ख्या शहरात तुमचं एकच घर हिरवं आहे. आम्ही तुमच्याकडेच राहतो."

मी म्हटलं, "या."