दोन परकी फळे

मी, खाली सही करणारी, वय त्रेपन्न, अविवाहित, वाळलेली झाडे कागदावर चिकटवून त्यांची ओळख पटवणे हा व्यवसाय, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझे यकृत बिघडले आहे, डोके नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. त्यासाठी घरी यावे लागते, आणि नातेवाईक हल्ली फोनवरच भागवतात.

कलम १. राहत्या दोन खोल्या आणि बँकेत असेल ते धाकट्या भावाला. भावजयीला लोखंडी कपाट. ते बेढब आहे असे ती वीस वर्षे म्हणत आली. आता तिने ते जिन्यावरून उतरवून दाखवावे. अंत्यविधीला हार आणू नयेत. आयुष्यभर मी फुले दाबूनच मारली, तेवढी पुरेत.

कलम २. फांद्या छाटायची कात्री, नमुने दाबायच्या लाकडी फळ्या आणि त्यांचे पट्टे आमच्या संस्थेच्या जीपचे निवृत्त चालक, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांना द्यावेत. कारण पुढे येते.

कलम ३. अकरा वर्षांपूर्वी एका कोरड्या, खडकाळ उतारावर जीप पंक्चर झाली. मामा चाक बदलायला उतरले आणि पाना हातात तसाच ठेवून ओरडले, "मॅडम, हे बघा. अंगावर पान नाही, आणि फुलायची हौस केवढी!" कमरेएवढे राखाडी झुडूप, निष्पर्ण, फिकट पिवळ्या फुलांनी भरलेले. मी त्याआधी आणि नंतरही तसे दुसरे पाहिलेले नाही. पुस्तकांत नाही, कोणत्याही संग्रहात नाही. जात नवी होती.

अडीच महिन्यांनी मी फळांसाठी परत गेले. मामा म्हणाले होते, "फांदीला काहीतरी बांधून ठेवा, उन्हाळ्यात सगळी काटकी सारखीच दिसते." मी म्हटले, "मामा, मला झाडं ओळखता येतात. पगार त्याचाच मिळतो." खुणेचा दगड सापडला, झुडूप सापडले, त्यावर दोन फळे सापडली. फुले आणि फळे मी एकाच कागदावर शिवली. जग ज्या एका नमुन्यावरून ही जात ओळखणार, तो हा कागद.

कलम ४. माझा सूक्ष्मदर्शक संस्थेतील माझ्या सहकाऱ्याला द्यावा. विद्यार्थी त्यांना शंकासूर म्हणतात. त्यांना घड्याळात वाजलेलेही पटत नाही. माझा कागद पाहून ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, "फूल एका घराण्यातलं, फळ दुसऱ्यातलं. हा नमुना नाही, हे लग्न लावलंय तुम्ही. एक फळ कापून बघा." फळे दोनच होती. मी कापले नाही. ते माझ्यावर जळतात असे म्हटले, आणि पुढे अकरा वर्षे जेवणाच्या टेबलावर आम्ही एकमेकांना मीठसुद्धा तिसऱ्याकरवी मागितले. लेख मी हट्टाने अडवून ठेवला: छापेन तर असाच, एक अक्षर न बदलता.

या फेब्रुवारीत, तपासण्यांचे निकाल आल्यावर, मी एक फळ कोमट पाण्यात भिजवले आणि कापले. फुलाच्या बीजकोशात तीन कप्पे आहेत. फळात दोन निघाले. फळ शेजारच्या झुडपाचे होते, जशी त्या उतारावर पायलीची पन्नास मिळतात.

मी त्यांना बोलावणे धाडले. ते आले, खुर्चीच्या कडेवर बसले.

"तुमचं बरोबर होतं," मी म्हटले.

"कशाबद्दल? माझं पुष्कळदा बरोबर असतं."

"फळाबद्दल."

ते खुर्चीत मागे सरकून नीट बसले. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, मरेपर्यंत कबूल करणार नाही."

"थोडक्यात चुकलात."

कलम ५. मार्चमध्ये मामा एकटे उतारावर गेले आणि फुललेल्या झुडपाला निळी फीत बांधून आले. फळ मेअखेर पिकावे. डॉक्टरांनी मला मेअखेरीची खात्री दिलेली नाही. म्हणून: माझे हस्तलिखित शंकासुरांकडे जावे. त्यांनी मामांसोबत जाऊन फितीच्याच झुडपाचे फळ घ्यावे, कापावे आणि वर्णन दुरुस्त करावे. चुकीचे फळ छापले गेले तर लोक शंभर वर्षे चुकीचे झाड जपतील आणि खरे सरपणाला जाईल. लेखावर त्यांचे नाव माझ्याआधी लावावे. त्यांनी हरकत घेतली. ती मी नामंजूर करते. जातीला नाव मामांचे द्यावे. मामा म्हणाले, "माझ्या नावाचं झुडूप? बायको विचारील, काटे किती आहेत." काटे नाहीत, तसे वर्णनात स्पष्ट लिहिले आहे.

कलम ६. उन्हाने, शेळ्यांनी वा नशिबाने यंदा फळ धरलेच नाही, तर माझ्या नावाखातर कोणी अंदाज बांधू नये, शेजारचे काही उसने आणू नये. लेख तरीही छापावा. फळाच्या जागी तीनच शब्द घालावेत. हस्तलिखितातला तो परिच्छेद मी आज स्वतः खोडला आहे आणि वर माझ्याच अक्षरात लिहिले आहे: फळ पाहिलेले नाही.

हे सर्व मी वाचले, समजले, आणि माझे आहे म्हणून खाली सही केली.

सही: (स्वहस्ताक्षर)

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली:
१. उपचार करणाऱ्या डॉक्टर
२. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: तीन मे